आरटीनेट बसवताना पीसी हँग होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या वर्कशॉपांतून, निपाणी-चिकोडीकडून, शिवाय फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्या पोरांकडून फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, पीसी हँग झाला." त्यापुढं जे प्रश्न येतात ते आणि त्यांची उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवतो. आज्ञांची नावं फोनवर सांगतो तशी उच्चारावरून लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं. सगळं इंटेल-एएमडीच्या साध्या पीसीवरच्या झेनोमाय ३ (लिनक्सला ठरलेली वेळ पाळायला लावणारी जोड) आणि त्यातल्या आरटीनेटबद्दल (त्याच शिस्तीचं नेटवर्क) आहे. आरटी म्हणजे रिअल-टाइम, ठरलेल्या वेळेत होणारं काम.

एक प्रोग्रॅम अडकला तर बाकीचा पीसी चालू राहतो की. मग आरटीनेटनं आख्खा पीसीच का बसतो?

कारण इथं एका पीसीत दोन कर्नल, म्हणजे सिस्टीमचे गाभे, असतात. झेनोमायचा छोटा कर्नल आधी, लिनक्स नंतर. प्रत्येक इंटरप्ट (उपकरणानं प्रोसेसरला मारलेली हाक) पहिल्यांदा झेनोमायकडं जातो. त्याचं काम नसेल किंवा संपलं असेल, तरच लिनक्सला वेळ मिळतो. जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात तयार झालेलं आरटीनेट या छोट्या कर्नलाच्या बाजूला बसतं. नेटवर्कचं पॅकेट ठरलेल्या मायक्रोसेकंदांत गेलंच पाहिजे, म्हणून ते लिनक्सच्या नेहमीच्या वाटेनं न जाता स्वतःच्या ड्रायव्हरनं कार्डाशी बोलतं.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट पडलेलं आठवा. दोन्हीकडं गाड्या खोळंबतात, पण कुणाचं इंजिन बिघडलेलं नसतं. गाडी गेली की गेट उघडतं. आता समजा गाडी जातच नाही, एकामागून एक डबे येतच राहिले. अडकून पडलेल्या रिक्षावाल्याला शहर बंद पडल्यासारखंच वाटणार. तुमचा माउस, कीबोर्ड, स्क्रीन, लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, सगळे त्या रिक्षात बसलेले आहेत. म्हणून "लिनक्स क्रॅश झालं" असं एकदम म्हणू नका. बहुतेक वेळा त्याला पाळीच मिळालेली नसते. शोधायचं एवढंच, की गेट कोण अडवून बसलंय.

खरंच हँग आहे की नुसतं थांबलंय, कसं ओळखायचं?

कॅप्सलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर लिनक्स जिवंत आहे, अडकलाय तो फक्त डेस्कटॉप किंवा तुमचा टर्मिनल. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जा. दिवा हलत नसेल तर लिनक्सला वेळ मिळत नाही. आणि जुना गोल पिनचा पीएस-टू कीबोर्ड असेल नि दिवे आपोआप लुकलुकत असतील, तर तो कर्नल पॅनिक आहे, म्हणजे लिनक्स खरंच कोसळलंय, प्रकरण वेगळं.

आणखी एक फसवा प्रकार आहे. आरटीनेट सुरू करणारी स्क्रिप्ट मास्टरवर (नेटवर्कच्या मुख्य पीसीवर) चालवली की कॉन्फिगमध्ये लिहिलेले सगळे स्लेव्ह (त्याला जोडलेले बाकीचे पीसी) हजर होईपर्यंत ती थांबून राहते. स्लेव्हचा पीसी बंद आहे किंवा केबल ढिली आहे, आणि इथं पोरगं मास्टरला रिसेटवर रिसेट मारतंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या दिवशी स्लेव्हची यादी रिकामी ठेवा, टीडीएमए (पाळीपाळीनं पॅकेट पाठवायची शिस्त) बंद ठेवा, आणि दोन पीसींत फक्त आरटीपिंग (पॅकेट पोचतं का ते बघणारी आज्ञा) करून बघा.

लॉगमध्ये तर काहीच सापडत नाही. रिसेट केल्यावर काय बघू?

याचं उत्तर सगळ्यात आधी द्यायला हवं होतं. लॉगमध्ये काही नसणारच. लॉग डिस्कवर लिहितं लिनक्स, आणि त्यालाच तर वेळ मिळाला नाही. रिसेटनंतर लॉग उघडून बसणं म्हणजे कालच्या पेपरात आजची बातमी शोधण्यासारखं. शेवटची ओळ हँग होण्याच्या बरीच आधीची असते, आणि लोक तिलाच गुन्हेगार ठरवून आठवडा घालवतात.

म्हणून माझा नियम: सिरीयल केबल जोडल्याशिवाय आरटी ड्रायव्हरला हात लावायचा नाही. मागं सिरीयल पोर्ट नसला तरी अनेक मदरबोर्डांवर कॉम पोर्टचा हेडर असतो, त्याला पट्टी लावता येते. दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि यूएसबी-सिरीयल अॅडॉप्टर. केबल विकत शोधत फिरू नका. सीएनसीत प्रोग्रॅम चढवायची आरएस-२३२ केबल ज्यानं तुमच्या शेडमध्ये सोल्डर केली तोच माणूस हीसुद्धा करून देईल. दोन्हीकडं ९ पिनी, २ आणि ३ उलटसुलट, ५ ला ५.

बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवाय-एस-शून्य, वेग १,१५,२००, आणि सोबत इग्नोर-लॉगलेव्हल. लॅपटॉपवर मिनीकॉम किंवा पुटी उघडून त्याचा लॉग फाइलमध्ये ठेवा. आता पीसी मेला तरी त्याचे शेवटचे शब्द लॅपटॉपवर राहतात.

एक खोच आहे. आरटीच्या बाजूनं छापलेले साधे कर्नल-संदेश लिनक्सची पाळी येईपर्यंत रांगेत थांबतात. पाळीच आली नाही तर सिरीयलवरही काही उमटत नाही. अशा वेळी कर्नल बनवताना रॉ-प्रिंटके चालू करून संशयाच्या जागी त्यानं छापायचं, ते थेट पोर्टवर जातं. आणि बूटच्या ओळीत एनएमआय वॉचडॉग चालू ठेवा. एनएमआय हा न अडवता येणारा इंटरप्ट, म्हणून प्रोसेसर कुठल्या फंक्शनात घोटाळतोय हे तो सांगू शकतो.

नेटकन्सोलही (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या पीसीला पाठवणारा) चालतो, पण तो दुसऱ्या, साध्या कार्डावर. ज्या कार्डावर आरटीनेट बसवताय त्यावरूनच त्याच्या मरणाची बातमी कशी येणार?

आरटीचा ड्रायव्हर चढवला की त्याच क्षणी पीसी बसतो.

सगळ्यात जास्त फोन याचे, आणि कारणही बहुधा एकच: इंटरप्टची वाटणी.

जुन्या पीसीआय कार्डांना इंटरप्टच्या मोजक्या तारा असतात, आणि एका तारेवर दोन-तीन उपकरणं असतात. नेटवर्क कार्ड, यूएसबी कंट्रोलर, साउंड, सगळे एकाच १६ किंवा १७ नंबरवर. लिनक्समध्ये याचा त्रास नसतो. तार ओढली गेली की तो तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, "तुझं आहे का?" ज्याचं आहे तो आपल्या उपकरणाला गप्प करतो आणि तार सुटते.

आता ती तार आरटी ड्रायव्हरनं घेतली. तुम्ही माउस हलवलात. यूएसबी कंट्रोलरनं तार ओढली. आरटी ड्रायव्हर म्हणाला, माझं काही नाही. यूएसबीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये, त्याला विचारायला कुणी गेलंच नाही. तार ओढलेलीच राहिली, म्हणून इंटरप्ट पुन्हा आला. पुन्हा "माझं नाही". हे सेकंदाला हजारो वेळा. यूएसबीला गप्प करणारा ड्रायव्हर पाळीची वाट बघतोय, आणि त्याची पाळी यूएसबी गप्प झाल्याशिवाय येणार नाही. गेट पडलेलंच.

माझ्याकडं आलेल्या एका जुन्या पीसीत हे इतकं स्पष्ट होतं की हसू यावं. ड्रायव्हर चढवून हात मांडीवर ठेवून बसलं की काही होत नसे. माउसला धक्का लागला की खलास. मालकानं तोवर तीन माउस बदलले होते.

तपास असा करा. ड्रायव्हर चढवण्याआधी प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स नावाची फाइल बघा. तुमच्या कार्डाच्या नंबरासमोर आणखी कुणाचं नाव आहे का? साधा ड्रायव्हर आधीच काढला असेल तर एलएसपीसीआय व्ही-व्ही करून प्रत्येक उपकरणाचा आयआरक्यू नंबर ताडून पाहा. झेनोमायमध्ये तार सामायिक करायचा पर्याय आहे, पण तो दोन आरटी ड्रायव्हरांमध्ये. एक आरटी आणि एक लिनक्स अशी भागीदारी चालत नाही, त्यामुळं तो पर्याय चालू करून हा रोग बरा होणार नाही.

उपाय, मी करतो त्या क्रमानं. कार्ड काढून शेजारच्या स्लॉटमध्ये घाला. पीसीआयच्या चार तारा प्रत्येक स्लॉटला फिरवून जोडलेल्या असतात, त्यामुळं स्लॉट बदलला की नंबर बदलतो. फुकटात होणारं काम आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा पुरतं. नाही झालं तर बायोसमध्ये जाऊन साउंड, न लागणारे यूएसबी कंट्रोलर, पॅरलल पोर्ट बंद करा. तरी नाही तर सरळ पीसीआय-एक्सप्रेसचं इंटेल कार्ड घ्या. ८२५७४-एल किंवा आय-२१० चिप असलेलं कार्ड एमएसआय वापरतं, म्हणजे तार न ओढता स्वतःचा वेगळा निरोप पाठवतं, वाटणीचा प्रश्नच संपतो. पहिल्याला आरटी-ई१०००ई, दुसऱ्याला आरटी-आयजीबी हा ड्रायव्हर.

यूएसबीचा पोर्ट बंद करून भागलं असेल तर त्यावर चिकटपट्टी मारून मराठीत "हात लावू नये" आणि खाली कानडीत "मुट्टबेडी" लिहा. एकाच भाषेत लिहिलं तर दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर मोबाइल चार्जिंगला लावतोच.

साधा ड्रायव्हर काढला, तरी बूट केल्यावर पुन्हा येऊन बसतो.

युडेव्ह (उपकरणं ओळखून ड्रायव्हर चढवणारा लिनक्सचा भाग) त्याला आपोआप चढवतं. मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये नाव घाला आणि इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा) पुन्हा तयार करा. ही दुसरी पायरी विसरतात, मग ब्लॅकलिस्ट करूनही ड्रायव्हर हजर. पीसीत एकाच जातीची दोन कार्डं असतील तर ब्लॅकलिस्टनं दोन्ही जातील. तेव्हा सिस फोल्डरातल्या अनबाइंड फाइलमध्ये फक्त त्या एका कार्डाचा पीसीआय पत्ता लिहून तेवढंच सोडवा.

आणि एसएसएचनं घरून काम करत असाल तर ज्या कार्डावरून आत आलात तेच कार्ड सोडवू नका. स्क्रीन गोठेल, पण तो हँग नव्हे. बसलेली फांदी आपणच तोडली.

रिअलटेकचं कार्ड चालतं का?

८१३९ चालतं. जुन्या पीसीतून फुकट निघतं आणि शिकायला उत्तम. मदरबोर्डावरचं गिगाबिट रिअलटेक असेल तर आरटीनेटचा आर८१६९ ड्रायव्हर आहे, पण त्या नावाखाली चिपच्या कित्येक आवृत्त्या येतात आणि नव्या आवृत्त्या तो ओळखेलच असं नाही. मी त्याच्या नादी लागत नाही. मशीन चालवायचं असेल तर इंटेल.

ड्रायव्हर नीट चढला, आरटीपिंगही चाललं. माझा प्रोग्रॅम सुरू केला की बसतं.

मग चूक तुमच्या लूपमध्ये आहे. आरटी थ्रेडला वरची प्राथमिकता दिलीत आणि लूपमध्ये कुठंही थांबणं नाही, म्हणजे त्या कोअरवर लिनक्सला वेळ शून्य. नेहमीची उदाहरणं दोन. पॅकेट येईपर्यंत न थांबणारा रिसीव्ह वापरून गरगर फिरणं. किंवा रिसीव्हनं चूक परत केली, ती न तपासता पुन्हा रिसीव्ह. केबल निघाली की दुसरं पहिल्यासारखंच वागतं. म्हणून "टेबलावर चालतं, मशीनवर हँग होतं" अशी तक्रार येते. मशीनवर केबल हलते, एवढाच फरक.

कर्नल बनवताना झेनोमायच्या डीबग मेनूतला वॉचडॉग चालू ठेवा. एखादा आरटी थ्रेड सलग ४ सेकंद कोअर सोडत नसेल तर तो त्याला पकडतो आणि पळत सुटलेल्या थ्रेडचं नाव संदेशात देतो. चार सेकंदांची गोठण आणि मग सगळं पूर्ववत, असं दिसलं तर ओळखा की वॉचडॉगनं वाचवलं. काही जण "वेग वाढतो" म्हणून तो बंद करतात. मशीन पूर्ण तयार होईपर्यंत ते करू नका.

प्रोग्रॅम चालू असताना प्रॉकमधल्या झेनोमाय फोल्डरात स्केड नावाच्या फोल्डरातलं स्टॅट बघत राहा. एमएसडब्ल्यूचा आकडा सतत वाढतोय म्हणजे तुमचा थ्रेड आरटीतून लिनक्सच्या बाजूला ये-जा करतोय, साधारणपणे मधे कुठंतरी साधा प्रिंटएफ किंवा मॅलॉक असतो. त्यानं पीसी हँग होत नाही, पण वेळ पाळली जात नाही, आणि मग त्याची भरपाई म्हणून लोक प्राथमिकता वाढवत सुटतात.

चार कोअर आहेत, अडकला एकच. मग बाकीचे तीन का थांबतात?

चांगला प्रश्न, एका विद्यार्थिनीचा होता. काही कामांत लिनक्स सगळ्या कोअरांना निरोप पाठवतं आणि सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबतं. मेमरीचा नकाशा बदलला की पत्त्यांचा जुना साठा पुसायला असंच करावं लागतं. अडकलेला कोअर होकार देत नाही, विचारणारा थांबतो, मग दुसरा, मग तिसरा. म्हणून पीसी एकदम न बसता अर्ध्या-एक मिनिटात टप्प्याटप्प्यानं बसतो: आधी खिडक्या हळू, मग माउस, मग सगळं. तसं दिसलं तर इंटरप्टच्या मागं न लागता आधी लूप तपासा. सिरीयलवर आरसीयू स्टॉलचा (एखादा कोअर फार वेळ उत्तर देत नसल्याचा) संदेशही दिसू शकतो.

नवा कर्नल बूटच होत नाही.

आरटीनेटचा इथं संबंधच आलेला नाही. ग्रबमध्ये (बूटच्या यादीत) जुना कर्नल ठेवलाय ना? झेनोमायसाठी कर्नलात घातलेल्या पॅचचा आणि कर्नलचा आवृत्ती क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो का ते पाहा. मग बूटच्या ओळीत झेनोमाय डॉट स्टेट हे डिसेबल्ड करून बघा. तसं बूट झालं तर दोष आरटीच्या बाजूचा, नाहीतर तुमच्या कॉन्फिगचा. प्रोसेसरचा वेग बदलणारा सीपीयू-फ्रीक्वेन्सी आणि झोपवणारा इंटेल-आयडल हे दोन्ही बंद हवेत, पण एसीपीआय सरसकट बंद करू नका, इंटरप्टची जोडणी त्यावरून कळते. बूट झाल्यावर आरटीनेट न चढवता लेटन्सी (किती उशीर होतो ते मोजणारी) चाचणी रात्रभर चालू ठेवा. पाया कच्चा असेल तर तिथंच कळेल.

दोन-तीन तास छान चालतं, मग अचानक बसतं. वेळही ठरलेली नाही.

आता सॉफ्टवेअर सोडून शेडकडं बघा. शेजारी फाउंड्री आहे का? भट्टी किंवा मोठा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं, आणि जुन्या पॉवर सप्लायला तेवढं पुरतं. पीसी ज्या वेळी बसला ती वेळ आठवडाभर वहीत लिहा. उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये त्या वेळा शेजारच्या भट्टीच्या वेळांशी जुळल्या, आणि महिनाभराचं ड्रायव्हर-संशोधन एका चांगल्या यूपीएसनं संपलं. अर्थिंगही तपासा, ड्राइव्हच्या अर्थचा आणि पीसीच्या अर्थचा घोळ असेल तर नेटवर्क कार्ड विचित्र वागतं.

फाउंड्रीची काळी धूळ आणि आपल्याकडचा पावसाळा ही जोडीही वाईट. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला तर भिंतीही ओल्या असतात. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसा, रॅमच्याही. मग मेमटेस्ट रात्रभर.

हे सगळं नीट असेल तर आरटीनेटच्या पॅकेट-बफरांकडं या. प्रॉकमधल्या आरटीनेट फोल्डरातली आरटीएसकेबी फाइल तासातासानं बघा. चालू आकडा चढतच गेला तर कुणीतरी बफर घेऊन परत करत नाही. सॉकेट उघडून न मिटणं हे नेहमीचं कारण. बफर संपले की पॅकेटं बंद होतात, मशीन थांबतं, आणि ऑपरेटर सांगतो "हँग झालं".

एसएमआयचं नाव ऐकून बरेच जण त्यालाच दोष देतात. बायोस प्रोसेसर स्वतःकडं ओढून घेतं तो हा इंटरप्ट. त्यानं लेटन्सीत उड्या दिसतात, कायमचा हँग सहसा नाही. बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट बंद केला तर बराच कमी होतो. झेनोमायला एसएमआय बंद करायला सांगता येतं, पण काही बोर्डांवर पंखा आणि तापमानाचा कारभार त्यातूनच चालतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रयोग करणार असाल तर हात हीटसिंकवर ठेवून करा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये करून बघितलं तर?

आज्ञा पाठ करायला ठीक. तिथले वेळेचे आकडे आणि तिथले हँग दोन्ही खोटे.

मालक म्हणतात, एवढा त्रास आहे तर दुसरं काही घाला. काय सांगू?

मालकांचं थोडं बरोबर आहे. कॉलेजात रिअल-टाइम नेटवर्किंग शिकायचं असेल तर आरटीनेटसारखं साधन नाही, सगळं उघडं दिसतं. चालू मशीनवर आधीच बसलेलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणं दुरुस्त करा. पण नव्यानं व्हीएमसी किंवा लेथ रेट्रोफिट करणार असाल तर मी आज आरटीनेट घेणार नाही. प्रीएम्प्ट-आरटी (दुसऱ्या कर्नलाशिवाय लिनक्सलाच रिअल-टाइम करणारा पर्याय) २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलात आलं. लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅम) आणि इथरनेटवरचं मेसा कार्ड (मोटरींना सिग्नल देणारं) ही जोडी त्यावर चालते, १ मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड त्याला जड नाही, आणि पॅच जुळवत बसावं लागत नाही. इंटेल कार्ड असेल तर ईथटूलनं आरएक्स-यूसेक्स शून्य करा, नाहीतर कार्ड इंटरप्ट साठवून एकदम देतं आणि रीड-एरर येतात.

तिथंही एक सापळा आहे. प्रीएम्प्ट-आरटीत दर सेकंदातला ९,५०,००० मायक्रोसेकंदांपर्यंतच वेळ आरटी थ्रेडांना मिळतो, उरलेला बाकीच्यांना. ही राखीव जागा काढून टाकली की लूपची चूक पुन्हा पीसी बसवते.

वारंवार रिसेट मारल्यानं डिस्क खराब होईल का?

फाइलसिस्टीम बिघडू शकते. ड्रायव्हर चढवण्याआधी दर वेळी सिंक ही आज्ञा द्या, सवयीनं. सिसआरक्यू (प्रिंट-स्क्रीनच्या बटणावरची कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) आधीच चालू करून ठेवा. हँग झाल्यावर बटण दाबण्याआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून एस, यू, बी असं एकेक सेकंदानं दाबा. लिनक्सला जराही वेळ मिळत असेल तर तो डिस्क मिटवून स्वतः रीबूट होतो. आणि मशीनचे पॅरामीटर, बॅकलॅशचे आकडे, पीएलसीची लॅडर, जे काही त्या पीसीत एकाच ठिकाणी आहे, ते आज पेनड्राइव्हवर काढा. ड्रायव्हर चढवायच्या आधी, कारण तो यूएसबी पोर्ट नंतर बंद असणार आहे.

तुम्हाला फोन करताना काय जवळ ठेवू?

इंटरप्ट्स फाइलचा फोटो, ड्रायव्हर चढवण्याआधीचा. एलएसपीसीआयची यादी. कर्नल आणि झेनोमायचा आवृत्ती क्रमांक. सिरीयलवरच्या शेवटच्या पन्नास ओळी. शेवटी काय बदललं होतं, एकच गोष्ट. दोन बदलल्या असतील तर एक मागं घेऊन पुन्हा करून बघा, मग फोन करा. संध्याकाळी सातनंतर बरं, दिवसा मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.